पाय टेकू नको रे

हल्ली आमच्या खळ्यासमोरून, म्हणजे अंगणासमोरून, सायकलवाले जातात. थंडी पडली की येतात. कोणी पुण्याचे, कोणी कोल्हापूरचे, आंबोलीचा घाट उतरून आलेले. डोक्यावर करवंटीसारखी टोपी, डोळ्यांना काळा चष्मा आणि अंगाला असे चिकटलेले कपडे की माझ्या आवशीनं, म्हणजे आईनं, बघितलं असतं तर आतून पंचा आणून दिला असता. पाणी मागायला थांबतात, मी कोकमाचं सरबत देतो. पिऊन झालं की सगळे एकच बोलतात. "काका, काय रस्ते आहेत हो तुमचे! धामापूर सोडल्यापासून एक गाडी आडवी आली नाही." हे अशा कौतुकानं बोलतात की जणू गाड्या मीच कुठेतरी अडवून ठेवल्यात. मी म्हणतो, "होय, तसा बंदोबस्तच ठेवलाय." रस्त्यावर गाडी दिसायची तर गाडीत बसायला माणूस लागतो, आणि आमची माणसं मुंबईला आणि गोव्याला. रिकाम्या रस्त्याचं त्यांना कौतुक, आम्हाला तो फुकट मिळालाय.

गेल्या थंडीत त्यांच्यातल्या एका मुलीनं मला विचारलं, "काका, तुम्ही कधी सायकल चालवायचात का?" मी म्हटलं, "बाय माझे, ह्या रस्त्यावर पहिली सायकल मी चालवली. आणि त्या दिवशी हा रस्ता जेवढा रिकामा होता, तेवढा तुला जन्मात मिळायचा नाही." ती हसली. म्हातारा बढाया मारतोय असं तिला वाटलं असणार. गोष्ट सांगायला मी बसलो, तेवढ्यात तिच्या मनगटावरचं घड्याळ काहीतरी बोललं आणि सगळे टांग मारून गेले. म्हणून लिहितोय. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस, ऱ्हस्वदीर्घ ज्याला खुपेल त्यानं आपल्या मनात दुरुस्त करून घ्यावं. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही सगळे सायकली घेऊन याल, आणि मग रस्ता रिकामा राहायचा नाही.

आमच्या गावाला गावपळण असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही वर्षांनी ग्रामदेव कौल देतो, म्हणजे गुरव देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून विचारतो आणि उजवी पाकळी पडली की देव हो म्हणाला. मग सगळं गाव घरं बंद करून शिवेबाहेर जाऊन राहतं. तीन दिवस, तीन रात्री. लहानथोर, आजारी, बाळंतीण, सगळे. गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या, मांजरं पोत्यात घालून. आत जिवंत चालतं काही ठेवायचं नाही. त्या दिवसांत गाव देवाचं, आणि कोणी म्हणतात भुतांचं. चौथ्या दिवशी गुरव एकटा आत जातो, परत यायचा कौल घेतो, उजवा आला तर ढोल वाजवतो, मग गाव भरतं. हे अजून चालतं. फरक एवढाच की हल्ली गावपळणीला मुंबईची माणसं मुद्दाम रजा काढून येतात, तंबू ठोकतात, फोटो काढतात, आणि गाव भरलं की परत मुंबईला जातात. म्हणजे गाव भरतं ते फक्त ढोलापुरतं.

माझा बापूस, धोंडबा, देवाचा मानकरी होता. गाव परत भरताना सगळ्यांत पुढे, हातात नारळ घेऊन, अनवाणी चालायचा मान आमच्या घराचा. त्या मानापोटी आम्हाला काय मिळत होतं असं विचाराल तर एक नारळ, आणि तोही फोडल्यावर अर्धा. पण बापूस ज्या छातीनं तो नारळ धरायचा, तशी छाती हल्लीच्या आमदारालाही होत नाही. नियम म्हणजे नियम. सोमवारी मासळी नाही म्हणजे शेजारच्या घरातून बांगड्याचा वास आला तरी तो नाकाला पंचा लावायचा. आवस म्हणायची, "तुमच्या बापाशीक देवानं नाय केलो, तेनाच देवाक केलो." ती हे चुलीकडे तोंड करून म्हणायची, आणि बापूस ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. घरात त्याच्यासमोर उलट बोलणारा मी एकटा. तो हट्टी, मी त्याचाच. सकाळी पेज जेवताना आमच्यात बोलाचाली झाली नाही असा दिवस आठवत नाही. उकड्या तांदळाची पेज, बाजूला भाजलेला सुका बांगडा, खाऱ्या पाण्यातली आंबोशी, आणि मधे आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता भुरके मारतोय. आवस म्हणायची भुरक्यांतसुद्धा भांडतात.

त्या वर्षी मुंबईहून काका सायकल घेऊन आला. गिरणीत होता तो, नवी घेतली म्हणून जुनी आम्हाला. काळी, मोठी, माझ्या खांद्याला तिची सीट लागायची. घंटी ठणठणीत होती, बाकी सगळं खुळखुळत होतं. पायांखालच्या पायट्यांचं रबर जाऊन नुसतं लोखंड उरलेलं. आणि ब्रेकची रबरं नव्हतीच. बापसानं विचारलं, ही थांबता कशी? काकानं खळ्यापुढच्या रस्त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, ब्रेक मुंबैक लागता. हयसर रस्त्यार आसा कोण?" ते बापसालाही पटलं. खरंच कोण नव्हतं. तांबडा मातीचा रस्ता, दिवसातून एकदा एसटी, ती पण सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच्या, फाट्यावरून मागे फिरायची.

काका गेला आणि सायकल पडवीत उभी राहिली. घरात चालवता कोणालाच येत नव्हती. भात वाळवायची डाळी, म्हणजे बांबूची मोठी चटई, जिथे ठेवायची तिथे ती उभी, आवस रोज तिला पदर अडकवायची आणि रोज काकाच्या नावानं बोटं मोडायची. शेवटी बापूस म्हणाला, "गाव भरलो की ही जायत परत काकाकडे. घरात रवायचा तर काम करूक व्हया. बैल काम करता, मांजर काम करता. हिचा काय?" मी म्हटलं, "मी चालवतलंय." तो म्हणाला, "खंय चालवतलंस? तुझो पाय पोचता?" मी म्हटलं, गाव भरायच्या आत चालवून दाखवतो. "गाव भराच्या आधी?" "आधी." "बरा. नाय चालवलंस तर काकाक." झालं. आमच्या घरात बोललेला शब्द मागे घ्यायची पद्धत नव्हती. मला त्या सायकलवर बसता येत नव्हतं, पण ती मला हवी होती, एवढी की मी झोपेत घंटी वाजवायचो असं आवस सांगायची. फाट्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पोरं चालत जायची, मला ती वाट लांब म्हणून चौथीनंतर घरी बसवलं होतं. सायकल राहिली असती तर पुढची शाळा राहिली असती, असं तेव्हा माझ्या डोक्यात; शाळा शेवटी झालीच नाही, ते वेगळं. बोललो नाही कोणाला.

मार्गशीर्षात भात झोडून झालं आणि पळणीचा कौल झाला. नगारा वाजला तशी धावपळ. आवशीनं तवा, पेजेचं मडकं, कुळथाचं पीठ, सुक्या जवळ्याची, गोलम्याची चटणी, सगळं पाटीत भरलं. कोंबड्या पकडताना शेजारच्या नारबाशी आमचं नेहमीचं भांडण झालं, कारण कोंबड्यांना कोण कुणाचं कळायचं नाही. नारबा पण मानकरी, पण दुसऱ्या नंबरचा. नारळ त्याच्या हातात कधी आला नाही, आणि आमच्या घराच्या मागे चालून चालून त्याची मान एका बाजूला वाकडी झाली होती असं आवस म्हणायची. बापूस सायकल पडवीतून बाहेर काढायला लागला तसा नारबा कुंपणावरून म्हणाला, "धोंडबा, ती लोखंडाची आसा. नांगर घरात ठेवतंस, ती पण ठेव."

बापूस थांबला. विचार केला. मग म्हणाला, "नांगर ढकललो तर पडता. ही ढकलली तर जाता. जाता ती भायर."

"अरे पण जीव खंय आसा तिका?"

"तुका किती आसा?" बापूस म्हणाला, आणि सायकल ढकलत निघाला. नियम एवढा कोणी पाळला नसेल. त्या पाळण्यानंच पुढचं सगळं झालं, हे मी त्याला पुढे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याला ते ठाऊक होतं.

गावाचे दोन भाग झाले. खालची वाडी खाडीकडच्या साकवावरून, म्हणजे लाकडाच्या छोट्या पुलावरून, पलीकडे माडांत जाऊन राहिली. आम्ही वरच्या वाडीचे घाटी चढून सड्यावर, शेजारच्या गावाच्या हद्दीत. घाटीच्या डोक्यावर शिवेचा दगड. दगडाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे देव. माडाच्या झापांच्या खोपी बांधल्या, तीन दगडांच्या चुली मांडल्या. तिथलं जेवण आजही जिभेवर आहे. तीच पिठी, तोच भात, पण वर आभाळ आणि शेजारी सगळं गाव. गुरांच्या घंटा, पोरांची रडारड, भजन, बांधलेल्या कोंबड्यांची कुरकुर. बाया हसत होत्या. घरात असताना त्या एवढ्या हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. घरं पुसायची नव्हती, उंबरे नव्हते, सासू आणि सून एकाच झापाखाली.

आणि मी सायकल शिकत होतो. आता गंमत बघा. गावात रस्ता होता तेव्हा सायकल पडवीत होती. सायकल बाहेर आली तेव्हा गाव सगळं सड्यावर. जिथे वळावं तिथे म्हैस, पोर नाहीतर पसरलेली गोधडी. खाली नुसता कातळ. पडलो की गुडघ्याचं कातडं कातळाला. पायट्यांचं लोखंड तळव्यात घुसायचं म्हणून मी बापसाच्या वहाणा घातल्या होत्या. पळणीच्या दिवसांत मानकरी अनवाणी, म्हणून त्या रिकाम्या पडलेल्या. मोठ्या, जाड, डाव्या वहाणेचा तुटलेला अंगठा बापसानं लाल दोऱ्यानं शिवलेला. सीटपुढच्या आडव्या नळीखालून पाय घालून, अंग वाकडं करून मी दोन पायटे मारायचो आणि आडवा व्हायचो. अख्खं गाव बघत होतं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. आणि ज्यांनी जन्मात सायकलला हात लावला नव्हता ते सगळे शिकवत होते. "म्होरे बघ मेल्या, चाकाकडे काय बघतंस!" "हात ढिले सोड!" "हात ढिले सोडू नको!" एक आजी म्हणाली, "रे, तेका आधी बसवा आणि मगे सायकल तेच्याखाली सरकवा." अजून मला वाटतं की तेच सगळ्यांत शहाणपणाचं होतं.

मधून मधून मी शिवेच्या दगडाशी जाऊन खाली बघायचो. घाटी उतरून रस्ता गावात शिरलेला, लाल, सरळ, सावलीनं भरलेला. त्यावर एक कुत्रं नाही. पान पडलं तर पडलेलं तसंच. आमच्या तालुक्यात त्या दिवसांत सगळ्यात रिकामा रस्ता तो होता, आणि तिथेच जायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर मी हट्टाला पेटलो. उद्या सकाळी कौल, म्हणजे आजच. घाटीच्या तोंडाशी जमीन थोडी उताराची होती. मला वाटलं, उतारावर ढकलायची गरज नाही, आपोआप जाईल, तोल सांभाळला की झालं, आणि दगडाच्या अलीकडे पाय घासून थांबू. पायांनी थांबवायची मी सड्यावर दोनतीनदा थांबवली होती. दगडापाशी बापूस उभा होता, हातात काठी. कोणी चुकून आत जाऊ नये म्हणून राखण करायचं काम मानकऱ्याचं. मी नळीखालून पाय घातला आणि सोडली.

सायकल गेली. पहिल्यांदाच सरळ गेली. मी एवढा खूश झालो की घंटी वाजवली. बापूस वळला. "थांब!" म्हणाला. मी पाय काढायला गेलो तर डावी वहाण पायट्याच्या लोखंडात अडकलेली. बापसानं काठी आडवी केली, मग सायकल अंगावर येतेय बघून बाजूला उडी मारली. मी त्याच्या जवळून असा गेलो की त्याच्या अंगावरच्या घोंगडीचा वास आला. दगड मागे पडला. मी देवाच्या गावात.

मागे भजन थांबलं. मग बापसाचा आवाज आला. तेवढ्या वेळात त्यानं विचार कसा केला देव जाणे, पण त्याचं डोकं नियमांत असं चालायचं की दुसऱ्याला पायवाट दिसायची तिथे त्याला सडक दिसायची. तो ओरडला, "पाय टेकू नको रे! वासग्या, पाय टेकू नको!"

मला ते लगेच समजलं. त्याचा झील ना मी. पाय जमिनीला लागला नाही तर गावात कोणी आलंच नाही.

घाटी उतरताना वारा कानांत भरला होता, वळणावर मी डोळे मिटले, सायकल आपली आपण वळली. वळणापलीकडे नारबाचं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, तिथे खड्ड्यात चाक आपटलं, अंगातलं सगळं हललं, मी पडलो नाही. मग उतार संपला आणि वारा थांबला आणि मला गाव ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. चाकावरचा पत्र्याचा चिखलपाखा खडखडत होता, साखळी कुरकुरत होती, आणि त्या पलीकडे काही नाही. आमचं घर आलं. दाराला कडी, खळ्यात तुळस, वाळत घातलेला एक विसरलेला पंचा. घर माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघत होतं. मी भुतांना भीत नव्हतो असं आज सांगू शकतो, तेव्हा भ्यायला वेळ नव्हता. सायकल हळू व्हायला लागली होती. हळू झाली की पडणार, पडलो की पाय टेकणार. म्हणून मी पायटे मारले. एक, मग दुसरा, मग आणखी. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून जमलं. देवळासमोर आलो. हात जोडायचे कसे, दोन्ही हात दांड्याला. म्हणून घंटी वाजवली. देवळात शिरताना वाजवतात तशीच, दोनदा. सुपारीच्या बागेतून एक खार रस्ता ओलांडून गेली, तिनं मला जाऊ दिलं. रस्त्यात एवढंच काय ते आडवं आलं.

साकवाच्या फळ्या चाकाखाली वाजल्या तेव्हा खालच्या वाडीच्या बाया खाडीवर कालवं फोडत होत्या. रिकाम्या गावातून घंटी वाजवत काहीतरी येतंय बघून त्यांनी पाट्या टाकल्या. "भूत गो भूत! सायकलीवरसून इला!" आणि एक म्हातारा, माडाला टेकून बसलेला, विडी न काढता म्हणाला, "भूता कधीपासून सायकल चालवूक लागली? तो धोंडबाचो झील." साकव संपला, शीव संपली, रस्ता पण संपला. मी सायकलीसकट खाडीच्या चिखलात मानेपर्यंत गेलो. चाक वाकडं झालं, कालवांच्या शिंपल्यांनी हात कापले. पण जिथे पडलो ती जमीन दुसऱ्या गावची होती.

घरी परत जायला, म्हणजे सड्यावर जायला, गावाला बाहेरून वळसा घालून डोंगराच्या अंगानं जावं लागलं. जे डोळ्याचं पातं लवेपर्यंत उतरलो होतो ते चढायला दिवेलागण झाली, वाकड्या चाकाची सायकल ढकलत, कधी खांद्यावर घेऊन. पायात एक वहाण. डावी नव्हती. चिखलात गेली असणार, एवढाच विचार मी केला.

आमच्या खोपीसमोर सगळे बसले होते. नारबा मधे. त्याची मान त्या दिवशी सरळ होती. "पळण मोडली," तो म्हणाला. "उद्या देव कौल देवचो नाय. सगळो गाव हयसरच मरतलो."

"पाय टेकलो नाय," बापूस म्हणाला.

"चाक टेकला मां?"

"चाक मुंबैचा. आमच्या गावचा नाय."

कोणीतरी हसलं. नारबा नाही हसला. "आणि वहाण? तेच्या पायात एकच वहाण दिसता. दुसरी खंय?" सगळ्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. बापसानंही. त्यानं विचारलं, "दुसरी खंय रे?"

"खाडीच्या चिखलात," मी म्हटलं.

बापूस उठला. गावाच्या दिशेनं, देवळाच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला आणि पूजेला आणलेला नारळ हातात घेतला. "माझ्या घरच्यानं गावाच्या जमिनीक ना पाय लावलो, ना वहाण. लावली असात तर नारळाचो मान नारबाक. आणि ती सायकल खाडीत." आवस खोपीच्या दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. पिढ्यांचा मान, माझ्या एका शब्दावर. त्या रात्री पिठी कोणी खाल्ली नाही, आणि ती उरलेली पिठी मांजरानं खाल्ली, त्याला पोत्यातून काढल्यावर.

सकाळी गुरव खाडीकडून आत गेला. देऊळ त्याच बाजूला जवळ. आम्ही सड्यावर कान देऊन बसलो. एवढी माणसं एवढी गप्प मी परत कधी बघितली नाहीत, निवडणुकीच्या निकालालासुद्धा नाहीत. मग खालून ढोल वाजला. बाया ओरडल्या, पोरं नाचली, कुत्र्यांनी पहिली दौड मारली. देवानं हो म्हटलं होतं. नारबा म्हणाला, "देव मोठ्या मनाचो." म्हणजे तो स्वतः नव्हता.

आणि गाव भरायला निघालो. पुढे बापूस, अनवाणी, दोन्ही हातांत नारळ. त्याच्या मागे नारबा. मग ढोलवाले, बाया, गुरं. मी वाकड्या चाकाची सायकल ढकलत गर्दीच्या कडेनं, उरलेली वहाण मागच्या कॅरियरला लावून. घाटी उतरलो, वळण आलं, आणि नारबाच्या बेड्यासमोर, रस्त्याच्या मधोमध, जिथे आदल्या दिवशी चाक आपटलं होतं तिथे, ती पडली होती. उलटी. लाल दोरा वर. अख्ख्या गावात त्या दोऱ्याची वहाण एकाच माणसाची.

मला दिसली तेव्हा बापसाला आधीच दिसली होती, पुढे तोच होता. तो थांबला नाही. पाऊल टाकल्यासारखं टाकलं, पायानं ती सुलटी केली, त्यावर उभा राहिला, आणि मग थांबला.

"रे, थांबलंस कित्याक?" नारबा.

"काटो मोडलो."

"मगे काढ."

"नारळ हातात आसा. कसो काढू?"

मागून गुरं रेटत होती, ढोल वाजत होता. बापूस तसाच एका पायावर भार टाकून उभा. नारळ छातीशी. मान ताठ. मग त्यानं अंगठा आत सरकवला आणि चालायला लागला. एका पायात वहाण, एक पाय अनवाणी. देवाच्या पुढे, नारळ हातात घेऊन, जो माणूस सोमवारी वासालाही पंचा लावायचा, तो एक वहाण घालून चालला होता, आणि वहाणेचा फटक फटक आवाज ढोलात मिसळत होता. नारबाचं लक्ष सगळा वेळ त्या पायाकडे होतं. "एकाच पायात वहाण?" त्यानं विचारलं. "दुसरो पाय बरो आसा," बापूस म्हणाला.

देवळाच्या पायरीशी वहाण काढावी लागली. काढली. सगळ्या गावाच्या अनवाणी पायांमधे ती एकटी पडली, डावी, लाल दोऱ्याची. बापूस आत गेला. मी गर्दीतून पुढे झालो, कॅरियरची उजवी काढली आणि तिच्या शेजारी ठेवली. जोडी झाली. मागे बघितलं तर नारबा. त्यानं वहाणांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाकड्या चाकाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं. वीस पावलांवर नारळाचा मान त्याची वाट बघत होता, एक शब्द बोलला असता तर त्याचा झाला असता. तो म्हणाला, "वाटेत ठेवू नको, कोणतरी अडखळात." आणि पायरी चढून गेला. मी आजवर ह्या नारबाला खूप नावं ठेवलीत, वरही ठेवलीत, ती तशीच राहू देत. पण हेही लिहून ठेवतो.

आत नारळ फुटला. अर्धा आमचा.

बापूस बाहेर आला, जोडीकडे बघून दोन्ही वहाणा पायात घातल्या. घरापर्यंत मी मागे, तो पुढे, सायकल मधे. खळ्यात आवशीनं कोंबड्या सोडल्या, चूल पेटवली, पडवी झाडली. सायकल कुठे ठेवायची म्हणून मी दारात उभा राहिलो. बापसानं भिंतीला टेकलेली डाळी उचलली, दुसरीकडे नेऊन ठेवली. मग पाय धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिका ब्रेक घाल."